पर्वतीय सायकल, दुहेरी निलंबनाची

डोंगरवाटा, जंगलातील पायवाटा व दगडगोट्यांचे उतार यांवर चालविण्यासाठी बनविलेल्या, रुंद टायरांच्या व भक्कम सांगाड्याच्या सायकलीस पर्वतीय सायकल म्हणतात. तिच्या पुढील व मागील अशा दोन्ही चाकांना धक्के झेलणारी योजना असल्यास ती दुहेरी निलंबनाची सायकल होय. निलंबन म्हणजे व्यवहारात ज्याला सस्पेन्शन म्हणतात ते. केवळ पुढील चिमट्यात निलंबन असून मागील भाग ताठ असलेल्या सायकलीस हार्डटेल असे नाव रूढ आहे. दुहेरी निलंबनाच्या सायकलीचा इतिहास बहुधा शर्यतींचा व संशोधकांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. बेताच्या पैशांत आपली पहिली अशी सायकल घेणाऱ्याच्या दृष्टीने पाहिल्यास मात्र तो वेगळा दिसतो. १९९० नंतर जवळजवळ पंचवीस वर्षे त्याच्या आवाक्यातील दुहेरी निलंबन हे बहुतांशी नावापुरतेच होते आणि त्याच किमतीची हार्डटेल त्याला अधिक उपयोगी पडत असे. ही परिस्थिती कशी निर्माण झाली व २०१५ च्या सुमारास ती कशी पालटली, हा प्रस्तुत नोंदीचा मुख्य विषय आहे.

प्रारंभ : सायकलीला स्प्रिंग बसविण्याची कल्पना पर्वतीय सायकलीपेक्षा शंभर वर्षांनी जुनी आहे. लंडनच्या लिन्ली व बिग्ज या कारखानदारांची स्प्रिंगयुक्त सांगाड्याची ‘व्हिपेट’ सायकल १८८५ मधील आहे. त्या काळी चाकांना भरीव रबराची धाव असे व दगडी फरसबंदीवरून जाताना स्वाराचे अंग खिळखिळे होई. तथापि १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी बेलफास्ट येथे हवा भरलेला टायर बनविला आणि अल्पावधीत स्प्रिंगच्या सांगाड्यांची गरज उरली नाही. वजनाने हलका, स्वस्त व कोणताही सांधा नसलेला हा धक्काशोषकच होता. पुढे १९६२ मध्ये ॲलेक्स मोल्टन या इंग्रज अभियंत्यांनी लहान चाकांच्या सायकलीला दोन्हीकडे रबरी निलंबन दिले. मिनी या मोटारगाडीचे रबरी निलंबनही त्यांचेच होते. परंतु मोल्टन यांची सायकल शहरातील रस्त्यांसाठी होती. डोंगराची सायकल निराळ्या ठिकाणी व निराळ्या लोकांकडून घडली.

कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात १९७० नंतरच्या दशकात काही तरुण १९३०–५० या काळातील जाड टायरांच्या जुन्या श्विन सायकली भंगारातून आणून डोंगरउतारावर पिटाळू लागले. फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. सु. ३·४ किमी. लांबीच्या या वाटेवर सु. ४०० मी. उतार होता. पायटे उलटे फिरविल्यावर लागणारा मागचा ब्रेक खाली पोहोचेपर्यंत इतका तापे की तुंब्यातील वंगण जळून धूर निघे व प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. यावरूनच त्या वाटेला ‘रिपॅक’ म्हणजे ‘पुन्हा भरा’ हे नाव पडले. गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ व टॉम रिची ही या मंडळींतील पुढे प्रसिद्धीस आलेली नावे. ब्रीझ यांनी १९७७ मध्ये या कामासाठी मुद्दाम नवा सांगाडा जोडला. १९७९ मध्ये फिशर व केली यांनी रिची यांच्या सांगाड्यांवर ‘माउंटनबाइक्स’ या नावाने विक्री सुरू केली. अशा एका सायकलीची किंमत सु. १,३०० डॉलर होती. ज्या खेळाची सुरुवात भंगारातल्या सायकलींवर झाली, त्या खेळाची पहिली तयार सायकल सामान्य तरुणाला परवडणारी नव्हती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ही उणीव स्पेशलाइज्ड कंपनीच्या ‘स्टम्पजम्पर’ सायकलीने १९८१ मध्ये काही अंशी भरून काढली. जपानमध्ये मोठ्या संख्येने बनवून घेतलेली ही सायकल ७५० डॉलरला मिळू लागली व पर्वतीय सायकल घरोघरी जाण्याचा मार्ग मोकळा झाला. दहा वर्षांच्या आत अमेरिकेच्या बाजारात तिने रस्त्यावरील हलक्या सायकलींना मागे टाकले. ज्या श्विन कंपनीच्या जुन्या सायकलींतून हे सर्व उगवले, तिला या बदलाची दखल वेळीच घेता आली नाही. १९९२ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. या काळातील पर्वतीय सायकलींना निलंबन मुळीच नव्हते. जाड टायर, वाकलेले गुडघे व सैल कोपर एवढीच धक्के झेलण्याची साधने होती.

मोटारसायकलींचा वारसा : निलंबन आले ते सायकलींच्या कारखान्यांतून नव्हे, तर मोटारसायकलींच्या शर्यतींतून. पॉल टर्नर हे होंडाच्या मोटोक्रॉस संघाचे यांत्रिक होते. त्यांनी १९८७ मध्ये कीथ बाँट्रेगर यांच्या साहाय्याने दोन्ही चाकांना निलंबन असलेली एक पर्वतीय सायकल लाँग बीच येथील व्यापारी प्रदर्शनात मांडली. ती कुतूहलापलीकडे गेली नाही. तेव्हा त्यांनी मागील चाकाचा नाद तूर्त सोडून पुढील चिमट्याकडे लक्ष वळविले आणि १९८९ मध्ये रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१ हा हवा व तेल यांवर चालणारा चिमटा बाजारात आला. त्याचा पल्ला, म्हणजे चाक वर सरकू शकण्याचे अंतर, जेमतेम ५० मिमी. होते. १९९० मध्ये कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे पर्वतीय सायकलींच्या पहिल्या अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरल्या. त्यांत उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्ड यांनी असा चिमटा लावून जिंकली. त्यानंतर निलंबनाचा चिमटा हवा की नको हा वाद फार काळ टिकला नाही.

मागील चाकाचा प्रश्न मात्र अवघड होता. पुढील चाक केवळ वळते. मागील चाकावर साखळीची ओढ, ब्रेकचा जोर व स्वाराचे निम्म्याहून अधिक वजन या तिन्ही गोष्टी एकवटलेल्या असतात. मोटारसायकलीत इंजिन अखंड व सारखा जोर लावते, तर सायकलीत पायटा खाली जाताना जोर वाढतो व पाय बदलताना तो ओसरतो. त्यामुळे मागील भाग एखाद्या खिळीभोवती नुसता मोकळा सोडला, तर स्वार चढावर जोर लावू लागताच सायकल बेडकासारखी खालीवर होऊ लागते आणि त्याची शक्ती स्प्रिंग दाबण्यात वाया जाते. खीळ योग्य उंचीवर घेतली, तर साखळीची ओढच मागील भागाला खाली बसू देत नाही. परंतु खीळ अती उंच नेल्यास चाक वर जाताना साखळी ताणली जाऊन पायटे पायाला उलटे झटके देतात. ब्रेक लावताच निलंबन आखडणे हा आणखी एक दोष. या तिन्हींचा मेळ घालणे ही दुहेरी निलंबनाच्या रचनेतील खरी अडचण होय आणि गेल्या तीस वर्षांतील बहुतेक एकस्वे याच मेळाबद्दलची आहेत.

या प्रश्नाला हात घालणारेही मोटारसायकलस्वारच होते. १९६९ चे अमेरिकन राष्ट्रीय मोटारसायकल विजेते मर्ट लॉविल यांनी चार दांड्यांची जोडणी वापरून गॅरी फिशर यांच्या कंपनीसाठी १९९२ च्या सुमारास एक सायकल तयार केली. ऑस्ट्रियन मोटोक्रॉसपटू हॉर्स्ट लाइटनर यांनी कॅलिफोर्नियात एएमपी रिसर्च ही संस्था काढून मागील दांड्यांमधील एक खीळ चाकाच्या आसाच्या किंचित पुढे व खाली आणली. या छोट्याशा बदलामुळे चाक मुख्य खिळीभोवती साध्या वर्तुळात न फिरता अभियंत्याला हव्या त्या वाटेने वर जाते व ब्रेकचा जोर निलंबनाला आखडवत नाही. ‘हॉर्स्ट लिंक’ या नावाने ही रचना ओळखली जाते. १९९८ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने लाइटनर यांची संबंधित एकस्वे विकत घेतली. अमेरिकेत ती २०१३ पर्यंत अंमलात होती. युरोपातील कित्येक कारखानदार ही रचना आपल्याकडे वापरीत, पण अमेरिकेत विकताना त्यांना परवान्याचे शुल्क द्यावे लागे किंवा सांधा बदलावा लागे. चांगली रचना सर्वांना ठाऊक होती. ती स्वस्तात वापरण्याची मुभा मात्र सर्वांना नव्हती.

दुसऱ्या बाजूला, पाहताक्षणी भुरळ घालणाऱ्या परंतु कामाला अपुऱ्या पडणाऱ्या रचनाही याच काळात आल्या. १९९५ मधील ट्रेक कंपनीची कार्बन तंतूंची ‘वाय’ आकाराची सायकल हे त्यांचे सर्वांत ठळक उदाहरण. हिच्यात पायट्यांचा आस मागील हलत्या भागावरच होता. त्यामुळे साखळीच्या ओढीचा प्रश्न सुटला, पण स्वार पायट्यांवर उभा राहिला की त्याचे वजन हलत्या भागावर येऊन निलंबन जवळजवळ बंद पडे. उतारावर स्वार उभाच असतो. म्हणजे जेथे निलंबनाची सर्वाधिक गरज तेथेच ते नाहीसे होई. तरीही ही सायकल दिसायला इतकी देखणी होती की, तिची छबी पुढे वर्षानुवर्षे स्वस्त सायकलींच्या सांगाड्यांवर उमटत राहिली.

नावापुरते निलंबन : १९९५ नंतर अमेरिका व युरोपातील मोठ्या सर्वसाधारण दुकानांत दोन-तीनशे डॉलरांच्या आतील दुहेरी निलंबनाच्या सायकलींचा सुळसुळाट झाला. जाड पोलादी नळ्यांचा सांगाडा, मध्यभागी लाल किंवा पिवळ्या रंगाची ठसठशीत मळसूत्री स्प्रिंग, आणि वर मोठ्या अक्षरांत डोंगराळ वाटणारे एखादे नाव, असे यांचे सर्वसाधारण रूप होते. यांत स्प्रिंग होती, पण संदमन नव्हते. संदमन म्हणजे दबलेली स्प्रिंग एकदम उसळू न देता तिची ऊर्जा तेलाच्या झडपांतून हळूहळू जिरविणे. ते नसेल तर प्रत्येक धक्का शोषला न जाता क्षणभराने परत मिळतो. वेगाने उतरणाऱ्या स्वाराला मागील चाक वर फेकू लागते व तो हँडलवरून पुढे जाण्याचा धोका संभवतो. अशा काही सायकलींच्या सांगाड्यावर, ही सायकल ओबडधोबड वाटांवर वापरू नये, अशी बारीक अक्षरांतील सूचना चिकटविलेली असे. पर्वतीय सायकल डोंगरावर नेऊ नये असे तिच्यावरच लिहिलेले असावे, याइतका त्या व्यापाराचा स्पष्ट कबुलीजबाब दुसरा नसेल.

या सायकली केवळ वाईट कारागिरीमुळे निरुपयोगी ठरल्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांचे मूळ दुखणे हिशेबाचे होते. कारखानदाराजवळ ठराविक रक्कम असते. हार्डटेलमध्ये ती सांगाडा, चिमटा, चाके, ब्रेक व दंतचक्रे यांत वाटली जाते. दुहेरी निलंबनात याच रकमेतून धक्काशोषक, मागील भुजा, जोडदांड्या व सहा-आठ धारवे (बेअरिंग) यांचाही खर्च भागवायचा असतो. एका साध्या उदाहरणावरून या भागांवर येणारा ताण ध्यानात येईल. मागील चाकाचा पल्ला १३० मिमी. व धक्काशोषकाच्या दट्ट्याची चाल ५० मिमी. असेल, तर तरफेचे गुणोत्तर २·६ येते. म्हणजे चाकावर ४५ किग्रॅ. भार असता धक्काशोषकावर सु. ११७ किग्रॅ. भार पडतो व खडकावरून उडी मारून उतरताना तो कित्येक पटींनी वाढतो. एवढा भार प्लॅस्टिकच्या बुशांवर व मऊ बोल्टांवर टाकला की, काही महिन्यांत सांधे सैल होऊन मागील चाक डावी-उजवीकडे डुलू लागते. म्हणूनच त्या काळातील जाणते दुकानदार नवशिक्याला एकच सल्ला देत : हातात पैसे बेताचे असतील तर मागील निलंबनाचा मोह सोडावा व तेच पैसे चांगला चिमटा आणि चांगले ब्रेक असलेल्या हार्डटेलवर खर्च करावेत. तो सल्ला त्या काळी अचूक होता.

महागड्या सायकलींत दरम्यान मोठी प्रगती झाली. २००२–०३ च्या सुमारास प्रोग्रेसिव्ह, मॅनिटू, फॉक्स इ. कंपन्यांनी पायट्यांच्या मंद लयीला दाद न देणाऱ्या, परंतु दगडाच्या झटक्याला तत्काळ उघडणाऱ्या झडपा धक्काशोषकात घातल्या. सांता क्रूझ व इंटेन्स यांनी दोन आखूड दांड्यांवर मागील भाग तोलणारी रचना प्रचारात आणली. डेव्हिड वीगल यांनी साखळीच्या ओढीचा नेमका हिशेब करून आपली रचना एकस्वाने सुरक्षित केली. मळसूत्री स्प्रिंगऐवजी हवेचे धक्काशोषक सुधारले. पोलादी स्प्रिंग एका ठराविक वजनाच्या स्वारालाच योग्य ठरते, तर हवेचा दाब हातपंपाने कमीजास्त करून तीच सायकल पन्नास किग्रॅ. वजनाच्या मुलीला व नव्वद किग्रॅ. वजनाच्या पुरुषाला चालते. पुढे किमती उतरल्या तेव्हा या गुणाचा सर्वाधिक लाभ स्वस्त सायकलींनाच झाला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चेक खेळाडू यारोस्लाव्ह कुलहावी यांनी दुहेरी निलंबनाच्या सायकलीवर बसून स्वित्झर्लंडच्या निनो शूर्टर यांना शेवटच्या टप्प्यात मागे टाकले. शूर्टर हार्डटेलवर होते. चार वर्षांनी रीओ येथे शूर्टर यांनी सुवर्णपदक मिळविले ते दुहेरी निलंबनाच्या सायकलीवर.

किमतीची घसरण : २०१२ ते २०१७ या काळात चार निरनिराळ्या गोष्टी जवळजवळ एकदम घडल्या. पहिली म्हणजे स्रॅम कंपनीने २०१२ मध्ये पुढे एकच दातेरी चकती व मागे अकरा चक्रे असा संच आणला. तोपर्यंत पुढे दोन-तीन चकत्या असत व त्यांवर साखळी सरकविणारी यंत्रणा नेमकी तेथेच बसे जेथे मुख्य खीळ हवी असे. ती यंत्रणा गेल्याबरोबर खीळ हव्या त्या ठिकाणी व रुंद धारव्यांवर बसविता येऊ लागली. एकच चकती असल्याने साखळीच्या ओढीचा हिशेबही सोपा झाला, कारण तो तीन चकत्यांसाठी जुळवीत बसण्याचे कारण उरले नाही. साधी खीळही आता चांगले काम देऊ लागली. २०१६ मध्ये याच धर्तीचा कमी किमतीचा संच आल्यावर हा लाभ स्वस्त सायकलींपर्यंत पोहोचला. दुसरी गोष्ट, हॉर्स्ट लिंकच्या एकस्वांची मुदत २०१३ मध्ये संपली. तिसरी गोष्ट तैवानची. जायंट व मेरिडा हे दोन्ही कारखाने १९७२ मध्ये स्थापन झाले. प्रारंभी दुसऱ्यांच्या नावाने सायकली बनविणाऱ्या या कारखान्यांनी व त्यांच्या भोवतीच्या लहान उद्योगांनी ॲल्युमिनियमच्या नळ्या द्रवदाबाने हव्या त्या आकारात फुगविण्याचे तंत्र व धारव्यांची अचूक घरे कातण्याचे काम इतके अंगवळणी पाडले की, जे पूर्वी कसबाचे होते ते नित्याचे झाले. आणि चौथी गोष्ट विक्रीची : जर्मनीतील कॉब्लेंट्सच्या कॅन्यनसारख्या कंपन्या दुकानदार वगळून थेट ग्राहकाला सायकल पाठवू लागल्या व मधला नफा किमतीतून वजा झाला.

या बदलाचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटनमधील आहे. तंबू, पाठपिशव्या व पावसाळी कपडे विकणाऱ्या गो आउटडोअर्स या दुकानसाखळीने २०१५ च्या सुमारास कॅलिबर या आपल्या नाममुद्रेखाली ‘बॉसनट’ ही सायकल ९९९ पौंडांना विकली. तिचा पल्ला पुढे-मागे १३० मिमी. होता व चिमटा आणि धक्काशोषक दोन्ही रॉकशॉक्सचे होते. सांगाड्यात कोणतीही नवलाई नव्हती. एका खिळीवरील मागील भुजा व धक्काशोषक दाबणारी एक जोडदांडी इतकाच तिचा पसारा होता. पण संदमन खरे होते, धारवे खरे होते आणि चिमट्याचा कल उतारावर भरवसा वाटावा असा होता. जायंट कंपनीने ‘स्टान्स’ या सायकलीत दुसरा मार्ग पत्करला. आसाजवळची खीळ काढून टाकून वरच्या नळ्याच किंचित लवतील अशा पातळ केल्या. धारव्यांचे काही जोड वाचले, वजन व किंमत दोन्ही उतरली. इंडोनेशियातील पॉलिगॉन व कॅलिफोर्नियातील मरीन या कंपन्यांनीही अशाच बेताच्या किमतीच्या ॲल्युमिनियमच्या सायकली काढल्या. मरीनचे नाव ज्या परगण्यावरून आले, त्याच परगण्यात हा खेळ जन्मला होता.

निवडीची तत्त्वे : यामुळे हार्डटेलच बरी हा जुना सल्ला आता जसाच्या तसा लागू पडत नाही, पण त्यामागील हिशेब बदललेला नाही. अमेरिकेच्या बाजारात २०२० नंतर पहिल्या पायरीवरील समाधानकारक दुहेरी निलंबनाची सायकल सु. १,५०० ते २,२०० डॉलरांच्या दरम्यान मिळत असे. त्याच्या पुष्कळ खाली गेल्यास मागील निलंबन पुन्हा नावापुरतेच उरते. या पायरीवर सर्वच भाग उत्तम असणे शक्य नसल्याने कोणता भाग पुढे बदलता येईल व कोणता नाही, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो. सांगाडा बदलता येत नाही. त्याची लांबी स्वाराच्या अंगकाठीला जुळणे, चिमट्याचा कल सु. ६५ ते ६७ अंश असणे, चाके आरपार आसांनी जखडलेली असणे व चिमट्याची मान वरून अरुंद व खाली रुंद अशा प्रचलित मापाची असणे या गोष्टी म्हणून आधी पहाव्यात. मान जुन्या सरळ मापाची असेल, तर पुढे चांगला चिमटा बसविण्याची वाटच बंद होते. दंतचक्रे, टायर, हँडल, एवढेच नव्हे तर चाकेही झिजली की बदलता येतात. जाहिरातीत मात्र मागील दंतचक्रांची यंत्रणाच सर्वांत ठळक दाखविलेली असते, कारण ती चटकन डोळ्यांत भरते.

पल्ल्याविषयी नवशिक्याचा गैरसमज असा की, जितका अधिक तितका चांगला. १०० ते १२० मिमी. पल्ल्याच्या सायकली दूरच्या पल्ल्याच्या चढउतारांसाठी, १३० ते १५० मिमी.च्या सर्वसाधारण डोंगरवाटांसाठी व त्याहून अधिक पल्ल्याच्या मुख्यतः उतारासाठी असतात. कमी किमतीत अधिक पल्ला मागितल्यास तो वजनाच्या व मऊ सांध्यांच्या रूपाने वसूल केला जातो. त्यामुळे पहिल्या सायकलीला १२० ते १४० मिमी. पुरेसे होतात. धक्काशोषक हवेचा असावा व त्याला उसळी कमीजास्त करण्याचा खटका असावा, यात तडजोड नसावी. ब्रेक द्रवदाबाचे चकती-ब्रेक असावेत. बटण दाबताच खालीवर होणारी बैठकदांडी मागाहून घेता येते, परंतु सुरुवातीपासून असल्यास उतारावरील भीती निम्मी होते. स्वार बसल्यावर मागील धक्काशोषक आपल्या चालीच्या सु. २५ ते ३० टक्के दबावा, अशा बेताने हवा भरावी लागते. कित्येकांची सायकल वाईट नसते. तिच्यात हवा चुकीची असते.

जुनी सायकल घेणे हाही कमी खर्चाचा मार्ग आहे. तीत सांधे प्रथम तपासावेत : बैठक धरून सायकल हळूच उचलली असता चाक जमिनीवरच राहून आधी खिळी खळखळत असतील, तर धारवे बदलण्याचा खर्च किमतीत धरावा. चिमट्याच्या चकचकीत नळ्यांवर ओरखडे असल्यास तेल गळते. सांगाड्याच्या जोडांपाशी रंगाखाली केसासारखी रेघ दिसली तर सायकल किती का स्वस्त असेना, घेऊ नये. विकत घेताना बहुधा विसरला जाणारा खर्च देखभालीचा असतो. चिमट्याच्या खालच्या नळ्या सु. ५० तासांच्या वापरानंतर उघडून साफ कराव्या लागतात, तर हार्डटेलच्या मागील भागाला असे काहीच लागत नाही. किमतींचा चढउतारही ध्यानात घ्यावा लागतो. २०२० मधील कोव्हिडच्या साथीत सायकलींना जगभर अभूतपूर्व मागणी आली व सुटे भाग मिळेनासे झाले. पुढे २०२२–२३ मध्ये मागणी ओसरून गोदामे तुडुंब भरली आणि त्याच सायकली मोठ्या सवलतीने विकाव्या लागल्या. जे थांबले त्यांना दोन पायऱ्या वरची सायकल पहिल्या पायरीच्या किमतीत मिळाली.

भारतात : भारतीय बाजारात दुहेरी निलंबनाची सायकल मुख्यतः शाळकरी मुलांची हौस म्हणून आली. दुकानात तिला ‘डबल शॉकअप’ म्हणतात. दहा-पंधरा हजार रुपयांच्या आतील या पोलादी सायकली बहुधा संदमनरहित स्प्रिंगच्याच असतात; शहरातील खड्ड्यांपुरत्या त्या ठीक, घाटातील चढाला मात्र जड. तिच्याकडे पाहूनच पुष्कळांचे दुहेरी निलंबनाविषयीचे मत बनले आहे. खऱ्या पर्वतीय सायकलींचा परिचय फायरफॉक्ससारख्या कंपन्यांमुळे २००५ नंतर वाढला. २०१५ मध्ये ही कंपनी लुधियानाच्या हीरो सायकल्सने घेतली. हिमाचल प्रदेशात २००५ पासून होऊ लागलेल्या एमटीबी हिमालय या अनेक दिवसांच्या शर्यतीने या खेळाला एक वळण दिले. परदेशी बनावटीच्या सायकलींवरील आयातशुल्क २०२३ च्या अर्थसंकल्पात ३० टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर नेण्यात आले. त्यामुळे परदेशात पहिल्या पायरीवरची समजली जाणारी सायकल येथे येईपर्यंत चांगल्या मोटारसायकलीच्या किमतीला भिडते. सह्याद्रीच्या घाटवाटांवर व कोकण-गोव्याच्या जांभ्या दगडाच्या पठारांवर आणखी एक अडचण आहे. चार महिन्यांच्या पावसात लाल चिखल प्रत्येक खिळीत शिरतो व उन्हाळ्यात त्याचीच बारीक धूळ धारव्यांत बसते. ज्या धारव्यांना युरोपात दोन-तीन हंगाम सहज निभावता येतात, ते येथे एका पावसाळ्यानंतर घरघरू लागतात. म्हणून अशा प्रदेशात कमी खिळींची साधी रचना, बाजारात सहज मिळणाऱ्या मापाचे धारवे व जवळपास धक्काशोषक उघडू शकणारा कारागीर या तीन गोष्टींची चौकशी सायकलीच्या किमतीच्याही आधी करावी लागते.